पेव फुटण्याआधी

ज्या रचनेचं हे रसग्रहण आहे ती कुठे छापलेली नाही, कुणी गायलेलीही नाही. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, एका ऑक्टोबरच्या सकाळी ती उमटली आणि तिसऱ्या दिवशी पुसली गेली. सुरुवातीला चिंचोक्याएवढी, मग रुपयाएवढी, संध्याकाळी साऱ्या पंजावर पसरलेली. आमच्याकडे तिला गांध म्हणतात. माशी चावली, गांध उठली, एवढ्यावर विषय मिटतो. मला तो मिटवावासा वाटला नाही.

रचनेचं स्थळ मांघर. महाबळेश्वराजवळचं हे छोटं गाव २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. इथे घराच्या पडवीला, आंब्या-फणसाच्या सावलीला सातेरी माशांच्या पेट्या दिसतात. कारवी फुलण्याचं वर्ष असलं तर मधाला त्या जांभळ्या फुलाची चव येते, एरवी जांभूळ, हिरडा, गेळा. ज्या मधपाळ मामांकडे मी गेलो होतो त्यांनी झाकण काढून एक चौकट अलगद वर उचलली. मी नको तेवढा वाकलो आणि माशी हातावर बसताच हात झटकला.

“झटकू नगा पाव्हणं,” मामा म्हणाले. तोवर काम झालं होतं. त्यांनी पुढे होऊन नखानं काटा खरवडला. काटा कसा काढावा यावर विचार करत बसायचं नसतं. माशी उडून गेली तरी कातडीत रुतलेल्या नांगीमागची विषाची पिशवी धडधडत राहते आणि विष आत ढकलत राहते. माझा काटा काढताना दुसरी एक माशी मामांच्या मनगटाला चावली. त्यांनी तोही काटा खरवडून टाकला आणि चौकट जागेवर ठेवली.

अर्ध्या तासानं दोन हात शेजारी-शेजारी होते. माझ्या हातावर टम्म फुगलेली, कडेनं लाल, मध्ये फिकट अशी गांध. मामांच्या मनगटावर एक तांबूस ठिपका, तोही विरत चाललेला. पेटी एक, माशीची जात एक, विष एक. तरी एका कातडीवर दोन दिवस पुरेल इतकी लांबलचक रचना आणि दुसरीवर जेमतेम एक अक्षर. हे अंतर कुठून आलं, हे समजून घ्यायचं तर आधी माझ्या हातावरचा पाठ ओळीओळीनं वाचायला हवा.

*

पहिली ओळ मिनिटा-दोन मिनिटांत लिहून होते. तिचा पहिला जाणकार वाचक थॉमस लुइस. या ब्रिटिश वैद्यानं माणसांच्या कातडीवर बोथट कडेनं रेघा ओढल्या आणि पुढे काय होतं ते नुसतं पाहत बसला. १९२७च्या त्याच्या ग्रंथात त्यानं या रचनेचे तीन भाग सांगितले. आधी जिथे इजा तिथे लाल खूण, कारण बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. मग तिच्याभोवती पसरत जाणारी लाली, कारण कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं एकमेकांना खबर देतात आणि आजूबाजूच्या वाहिन्याही सैल पडतात. शेवटी मधला भाग उचलून वर येतो आणि फिकट पडतो, कारण वाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. लाली, लालीचं वलय आणि उठाव. लुइसनं ओळखलं होतं की कातडीतूनच काहीतरी द्रव्य सुटतंय, हिस्टामिनसारखं. नक्की काय ते हाती न लागल्यानं त्यानं त्याला नुसतं ‘एच’ म्हटलं.

हिस्टामिन हे नाव त्यापूर्वीच प्रयोगशाळेत रुळलं होतं. हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९१०मध्ये त्याचे परिणाम मांडले होते. पण शरीरात ते साठवलेलं कुठे असतं, हे कळायला १९५३ साल उजाडलं. रायली आणि वेस्ट या जोडीनं दाखवलं की हा साठा मास्ट पेशींमध्ये आहे.

म्हणजे या रचनेचा कर्ता मास्ट पेशी. त्याचं नाव मात्र पाऊणशे वर्षं आधीच ठेवून झालं होतं. १८७८ साली पॉल एर्लिख हा चोवीस वर्षांचा जर्मन तरुण ऊतींना रंग देण्यावर प्रबंध लिहीत होता. नव्यानं निघालेले कृत्रिम रंग तो पातळ कापांवर ओतून पाहायचा. काही पेशी अशा निघाल्या की रंग दिला निळा आणि त्या दिसल्या जांभळ्या, अगदी कारवीच्या रानासारख्या. त्यांच्या पोटात दाणे गच्च भरलेले. एर्लिखला वाटलं, या खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या पेशी आहेत, म्हणून त्यानं जर्मनमधल्या लठ्ठ करण्याच्या शब्दावरून त्यांना नाव दिलं. मराठी कानाला ‘मास्ट’ ऐकून ‘मस्त’ आठवतं, आणि एर्लिखच्या मनातला अर्थही फारसा दूर नाही. त्याचा अंदाज मात्र चुकला होता. ते दाणे खाल्लेल्या अन्नाचे नव्हते, तो भरून ठेवलेला माल होता.

*

इथे मला हरिपूर आठवतं. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव. हळदीचा व्यापार सांगलीचा आणि हळदीचं कोठार पूर्वी हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत. तिथली माती घट्ट, पेव खणलं तर कोसळत नाही आणि ओल आत शिरू देत नाही. तोंड अरुंद, पोट विशाल. आत गवता-पाल्याचं अस्तर घालून हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. आत हवा उरत नाही, म्हणून कीडही जगत नाही. वरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही.

मास्ट पेशी ही कातडीतलं पेव आहे. तिच्या दाण्यांमध्ये हिस्टामिन असतं, प्रथिनं कापणारी ट्रिप्टेज आणि कायमेज ही विकरं असतात, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी हेपारिनची दाट जाळी असते. रक्त गोठू नये म्हणून दवाखान्यात टोचतात तेच हे हेपारिन. बंद दाण्यात ते हिस्टामिनला घट्ट बिलगून असतं. दाणा पेशीबाहेर पडला की ही पकड सुटते आणि हिस्टामिन क्षणात मोकळं होतं. ‘पेव फुटणं’ हा आपला वाक्प्रचार या घटनेसाठीच घडवला असावा असं वाटतं: काल काहीच नव्हतं आणि आज सगळीकडे तेच.

पेवाची जागाही पाहण्यासारखी आहे. मास्ट पेशी रक्तात हिंडत नाहीत. त्या कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना खेटून ठाण मांडतात. बाहेरचं जग जिथे शरीराला भिडतं तिथली ही वेशीवरची वस्ती आहे. म्हणून लुइसच्या तिन्ही गोष्टी एका हाकेत होतात. हिस्टामिन बाहेर आलं की वाहिनीही शेजारीच असते आणि मज्जातंतूही.

फोडतं कोण? मधमाशीच्या विषात निम्म्याच्या आसपास मेलिटिन नावाचं पेशींची आवरणं भोसकणारं प्रथिन असतं. शिवाय एक छोटं प्रथिन असं असतं की त्याचं नावच मुळी ‘मास्ट पेशीचे दाणे उधळणारं’ या अर्थाचं आहे. म्हणजे माशी थेट पेवाच्या तोंडावरच घाव घालते. दुसरा मार्ग ओळखीचा आहे. पूर्वी कधी तेच विष अंगात गेलं असेल तर शरीरानं त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिद्रव्यं घडवून मास्ट पेशींच्या अंगावर टोचून ठेवलेली असतात. इशिझाका दांपत्य अमेरिकेत आणि योहान्सन-बेनिख ही जोडी स्वीडनमध्ये, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही प्रतिद्रव्यं ओळखली. पुन्हा तेच विष आलं, त्यानं शेजारच्या दोन आयजीईंना एकत्र ओढलं की पेव फुटतं.

बहुतेक जण रसग्रहण इथेच थांबवतात. माशी, आयजीई, हिस्टामिन, गांध. वर एक सेट्रिझिनची गोळी. मीही महाबळेश्वरात उतरल्यावर गोळी घेतली. खाज उतरली, मात्र संध्याकाळी हात जो सुजायचा तो सुजलाच. गोळीला फक्त पहिली ओळ पुसता येते. उरलेली रचना दुसऱ्या शाईत लिहिलेली असते.

*

दुसऱ्या शाईचं नाव सायटोकाइन. प्रतिकार यंत्रणेतल्या पेशी एकमेकींना धाडतात त्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या. त्यांतल्या अनेकांना इंटरल्यूकिन म्हणतात आणि पुढे क्रमांक लावतात. वाचताना एसटीच्या फलाटावर उभं राहिल्यासारखं होतं, सगळी ओळख नंबरावर. पण कोणती गाडी कुठे जाते हे एकदा कळलं की नंबरांनाही स्वभाव येतो.

गांध उठल्यावर मास्ट पेशी मरत नाही. दाणे गेले तरी ती जिवंत असते आणि रिकामं पेव सावकाश पुन्हा भरते. त्याआधी ती लिहायला बसते. पहिल्या काही मिनिटांत आपल्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्यूकोट्राइन बनवते. मग केंद्रकातली जनुकं जागी करून सायटोकाइन घडवते, आणि त्याला तास लागतात. त्यांतलं टीएनएफ बाहेर आलं की वाहिन्यांच्या आतल्या भिंती चिकट होतात आणि वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकून आत शिरतात. इंटरल्यूकिन-५ त्यांतल्या इओसिनोफिल पेशींना पोसतं. इंटरल्यूकिन-६ आणि १३ आपापल्या वाटांनी आग तेवत ठेवतात. माझ्या हाताची संध्याकाळची सूज ही या चिठ्ठ्यांचं फळ होती. सकाळच्या हिस्टामिनचा तेव्हा मागमूसही नव्हता, कारण ते शरीरात मिनिटांतच मोडून टाकलं जातं.

यात एक खुबी आहे. १९९०मध्ये गॉर्डन आणि गॅली यांनी दाखवलं की मास्ट पेशी टीएनएफ दोन प्रकारे देते. काही आधीच दाण्यांत भरून ठेवलेलं असतं ते लगेच सुटतं, आणि उरलेलं हाक आल्यावर नव्यानं घडवलं जातं. बहुतेक पेशींना टीएनएफ हवं तर ते बनेपर्यंत थांबावं लागतं. ही पेशी मात्र पहिल्या ओळीतच शेवटच्या कडव्याचं सूतोवाच करून ठेवते.

*

आता रचनेतली सर्वांत देखणी जागा. ती गांध उठण्याच्याही आधीची आहे.

मधमाशीच्या विषात फॉस्फोलायपेज नावाचं विकर असतं. ते पेशींच्या आवरणातले स्निग्ध रेणू कापतं. कातडीतल्या पेशी अशा फाटल्या की त्यांच्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेलं एक प्रथिन बाहेर सांडतं: इंटरल्यूकिन-३३. एरवी ते पेशीच्या पोटात निमूट असतं. बाहेर दिसलं याचा अर्थ घर फुटलं. म्हणून त्याला धोक्याची घंटा म्हणतात. ही घंटा ऐकण्यासाठी मास्ट पेशीच्या अंगावर एसटी-२ नावाचा ग्राहक असतो. २०१३ साली येल विद्यापीठातल्या पाम आणि मेझितोव यांच्या गटानं उंदरांमध्ये ही साखळी दाखवली. विषातलं फॉस्फोलायपेज आवरण कापतं, इंटरल्यूकिन-३३ सुटतं, आणि त्याच्या हाकेनं शरीर आयजीईच्या वाटेनं वळतं. म्हणजे ‘हे विष लक्षात ठेव’ हे शरीराला सांगणारी पहिली चिठ्ठी फाटलेल्या पेशीनं धाडलेली असते.

मास्ट पेशीवर या घंटेचा परिणाम वाचताना मला मिरज आठवते. तिथल्या सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलं आहे. तार तीच, भोपळा तोच. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर मागे-पुढे सरकवतो आणि मुका वाटणारा तंबोरा अचानक भरून बोलू लागतो. इंटरल्यूकिन-३३ मास्ट पेशीची अशीच जवारी लावतं. एकटं ते सहसा पेव फोडत नाही. दाणे जागच्या जागी राहतात आणि पेशी मात्र इंटरल्यूकिन-६, १३, टीएनएफ घडवू लागते. त्याच्या जोडीला आयजीईची तार छेडली गेली तर तोच आघात कितीतरी मोठा वाजतो. इंटरल्यूकिन-४ही असाच दोरा सरकवतं. त्याच्या प्रभावानं मानवी मास्ट पेशींवर आयजीई धरणारे ग्राहक वाढतात, म्हणजे एका अर्थी तारा वाढतात.

आणि मुळात वाद्य टिकवतं कोण? ‘स्टेम सेल फॅक्टर’ नावाचं प्रथिन. मास्ट पेशीच्या ‘किट’ या ग्राहकाला ते बिलगतं. आजूबाजूची ऊती हे प्रथिन देत राहते तोवर मास्ट पेशी जगते, आणि ते आटलं की ती स्वतःला संपवते. वेशीवर किती राखणदार ठेवायचे हे अशा रीतीनं गावच ठरवतं.

या जागेचा श्लेषही ऐकण्यासारखा आहे. मास्ट पेशीच्या दाण्यांतली कापणारी विकरं इंटरल्यूकिन-३३चे असे तुकडे करू शकतात की ते मूळ प्रथिनापेक्षा जास्त धारदार होतात. आणि त्याच दाण्यांतलं कायमेज हेच इंटरल्यूकिन-३३ तोडून निकामीही करतं. २०१४ साली दोन वेगवेगळ्या संशोधन गटांनी या दोन गोष्टी मांडल्या. मला त्यांत विरोध दिसत नाही. ज्या हातानं घंटा वाजवायची त्याच हातानं ती थांबवायची, एवढी तयारी त्या पेवात आधीपासून भरलेली आहे. कुठे किती कापायचं यावर घंटा लांबते किंवा विरते.

*

घंटा विरवणाऱ्या सायटोकाइनांकडे रसिकांचं लक्ष कमी जातं, कारण त्यांची खूण कातडीवर उमटत नाही. टीजीएफ-बीटा मास्ट पेशीवरचे आयजीईचे ग्राहक कमी करतं. इंटरल्यूकिन-१० हे दाह शमवणारं सर्वांत ठाशीव नाव. २००७ साली ग्रिम्बाल्डेस्टन आणि गॅली यांच्या गटानं उंदरांमध्ये एक धक्कादायक गोष्ट दाखवली. स्पर्शानं होणाऱ्या त्वचादाहात आणि अतिनील किरणांच्या सततच्या माऱ्यात मास्ट पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-१० सोडतात आणि कातडीची नासाडी आटोक्यात ठेवतात. ज्या उंदरांत मास्ट पेशी नव्हत्या त्यांची कातडी जास्त बिघडली. आग लावणारी म्हणून बदनाम झालेली पेशी इथे पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

यानं मामांच्या मनगटाचं कोडं सुटायला लागतं. स्वित्झर्लंडमध्ये अकदिस यांच्या गटानं मधपाळांच्या रक्तावर अभ्यास केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. हंगाम सुरू होऊन माश्या चावू लागल्या की काही दिवसांत मधपाळांच्या रक्तातल्या विष ओळखणाऱ्या टी पेशी आपला सूर बदलतात आणि इंटरल्यूकिन-१० सोडू लागतात. चावणं चालू असेपर्यंत हा सूर टिकतो. हंगाम संपला की दोन-तीन महिन्यांत मूळपदावर येतो. जोडीला वर्षानुवर्षं चावून घेणाऱ्यांच्या रक्तात आयजीजी-४ ही प्रतिद्रव्यं भरपूर साठतात, आणि ती विषाला मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधीच अडवतात.

म्हणजे ‘मामांना माशी चावून-चावून सवय झाली’ हे गावातलं उत्तर बरोबरच आहे. फक्त ही सवय मनाची नाही. ती दर हंगामात नव्यानं लावावी लागणारी जवारी आहे. यातला पेच असा की अधूनमधून एखादी माशी चावून घेणाऱ्या मधपाळांत ॲलर्जी जास्त आढळते आणि शेकड्यानं चावून घेणाऱ्यांत कमी. थोडी ओळख अंगलट येते. गाढ परिचय मात्र कामाला येतो.

वैद्यकानं हाच परिचय मापून द्यायला शिकून घेतलं. आधी कित्येक वर्षं सबंध माश्या वाटून त्यांचा अर्क टोचत. १९७८च्या एका प्रयोगानं दाखवलं की त्या अर्काचा उपयोग खोट्या औषधापेक्षा जास्त नाही आणि शुद्ध विष चढत्या मात्रेनं टोचलं तर रुग्ण वाचतात. हे काम मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पेटीपुढे हात धरून ते घरी करायचं नसतं.

*

दोषस्थळं सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. या रचनेचा मोठा दोष अतिशयोक्तीचा. एका हातापुरती लिहायची ओळ कधीकधी साऱ्या अंगावर लिहिली जाते. सगळीकडची पेवं एकदम फुटतात, अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. हरिपूरकरांना अशी प्रतिमा दूर शोधावी लागत नाही. २००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेली बहुतेक पेवं कामातून गेली. पेव एरवी धनी उघडतो, गरजेपुरतं. पुरानं ते कुणाला न विचारता उघडलं.

अशा वेळी सेट्रिझिनवर विसंबून राहायचं नसतं. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन आणि लगेच दवाखाना. ॲड्रेनॅलिन वाहिन्या आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि मास्ट पेशींनाही उरलेलं पेव उघडण्यापासून रोखतं. आग्या मोहोळ उठलं आणि डझनावारी माश्या चावल्या तर ॲलर्जी नसलेल्यालाही विषाच्या मात्रेनंच धोका असतो. तिथेही घरगुती लेपात वेळ घालवू नये.

काही माणसांत दोष मुळातच असतो. ‘किट’ ग्राहकात एक छोटा बदल झाला की तो कुणी हाक न मारताही ‘हो’ म्हणत राहतो. मास्ट पेशी गरजेपेक्षा जास्त होतात आणि जास्त जगतात. या मास्टोसायटोसिसच्या रुग्णांना माशी किंवा गांधीलमाशी चावली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून एका चाव्यानं कोसळलेल्या माणसाच्या रक्तातलं ट्रिप्टेज नंतर, बरं वाटत असतानाही, मोजून पाहतात.

घरच्या उपायांविषयी माझा सूर नरम आहे. माझी आजी गांधींवर आमसूल भिजवून चोळायची आणि त्या गारव्यानं बरं वाटायचं. सांगलीच्या हळदीचाही इथे मान आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेतल्या मास्ट पेशींना शांत करतं, मात्र पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. हळदीचं दूध प्यावं ते चवीसाठी आणि आईच्या हातासाठी.

*

शेवटी रचनेचा अर्थ. इतक्या हुशारीनं रचलेली यंत्रणा केवळ माणसाला खाजवायला लावण्यासाठी असेल, हे पटत नाही. १९९१मध्ये मार्गी प्रोफेट या अभ्यासकेनं सुचवलं की ॲलर्जी ही विषांविरुद्धची जुनी ढाल असावी. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. २००६ साली गॅली यांच्याच गटानं दाखवलं की मास्ट पेशी असलेले उंदीर मधमाशीचं आणि काही सापांचं विष जास्त सोसतात. दाण्यांतली विकरं विषाचे तुकडे करतात. आणि २०१३मध्ये त्यांनीच दाखवलं की एकदा थोडं विष टोचून आयजीई तयार झालेले उंदीर पुढे जवळपास प्राणघातक मात्रेतूनही जास्त प्रमाणात वाचतात. आयजीई नसलेल्या उंदरांत हे संरक्षण दिसलं नाही. तेव्हा गांध म्हणजे बिघाड, हा पाठ आता पुरेसा नाही. विष पसरण्याआधी ते जागच्या जागी पाण्यात बुडवायचं, त्याचे तुकडे करायचे, त्याची नोंद ठेवायची आणि मग आग विझवायची. चारही पायऱ्यांवर सायटोकाइनांची सही असते.

मी महाबळेश्वराहून सांगलीला परत येईपर्यंत माझा पंजा सुजून गच्च झाला होता. गाडीत बसल्या-बसल्या मी तो न्याहाळत होतो. लाली किती पसरली, कडा कुठे थांबली, बोटं मिटतात का. पुढचे दोन दिवस तेच वाचन चाललं. आणि तिसऱ्या दिवशी, सूज उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की मांघरला माझ्यासमोर दोन रचना होत्या आणि मी फक्त लांबलेली वाचत बसलो. मामांच्या मनगटावरही माशी चावलीच होती. त्यांच्याही कातडीच्या पेशी फाटल्या, त्यांच्याही पेवावर घाव बसला. फरक होता तो आधीच्या कित्येक हंगामांत त्यांच्या रक्तानं लावून ठेवलेल्या सुरात. म्हणून त्यांची रचना एका तांबूस ठिपक्यात संपली.

पुढच्या हंगामात मी पुन्हा मांघरला जाणार आहे. हात झटकणार नाही. मामांना माशी चावलीच तर घड्याळ लावून त्यांचं मनगट पाहीन. ठिपका कधी उमटतो आणि कधी विरतो, एवढंच.